घड्याळाची पाठ वाचा : बदनापूरकरांसाठी टिकाऊ डिजिटल घड्याळाचा हिशेब

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून बीडीएन-७११, बीडीएन-७१६ अशी तुरीची वाणं बाहेर पडली. या तालुक्यातला शेतकरी बियाण्याची पिशवी चित्रावर भाळून घेत नाही. तो पिशवी उलटी करतो, टॅगवरचा लॉट नंबर, उगवणशक्ती आणि मुदत वाचतो, मग पक्कं बिल मागतो. मनगटावरचं घड्याळ घेताना मात्र तोच माणूस नुसतं समोरून बघतो. काळं की हिरवं, आकडे चमकतात का, मिलिटरीवाल्यांसारखं दिसतं का, एवढ्यावर सौदा होतो.

घड्याळाचा टॅग त्याच्या पाठीवर असतो. पाण्याचा आकडा आणि मॉडेलचा क्रमांक तिथे कोरलेला सापडतो. सेल किती वर्षं चालेल ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पाणी आणि सेल हे दोन आकडे पक्के असतील, तर डिजिटल घड्याळातलं बाकी बरंचसं सजावट समजावं. या लेखातला सगळा हिशेब त्या दोन आकड्यांभोवतीच आहे.

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. शेत, कारखाना, पाऊस आणि रोजची धावपळ अशा सगळ्यासाठी एकच घड्याळ हवं असेल, तर १०० मीटर पाणीरोधक आणि १० वर्षांचा सेल असलेलं, साधारण १,८०० ते २,८०० रुपयांचं घड्याळ घ्या. बजेट दीड हजाराच्या आत असेल तर ७ वर्षांच्या सेलचं साधं घड्याळ घ्या आणि ते पाण्यापासून जपा. दोनशे-तीनशेचं घड्याळ फक्त ते हरवण्याची खात्री असेल तेव्हाच घ्यावं.

खालच्या किमती बाजारातला अंदाज यावा म्हणून दिल्या आहेत. रंग, पट्टा आणि सवलतीप्रमाणे त्या खाली-वर होतात. घेताना खोक्यावरची एमआरपी हाच आधार धरा.

आधी काम ठरवा

शेतकऱ्याला घड्याळ लागतं ते मोटारीसाठी. रात्रीच्या पाळीत लाइट आली की उठायचं, मोटार चालू करायची, दोन तासांनी व्हॉल्व्ह बदलायचा. यासाठी गजर एकापेक्षा जास्त असावेत आणि उलटी मोजणी करणारा टायमर असावा. दोन तास लावून ठेवले की घड्याळच हाक मारतं. मोबाइलही हे करतो, पण चिखलात, दारं धरताना, रात्रीच्या दवात मोबाइल खिशातून काढायची इच्छा होत नाही आणि नेमका त्याच वेळी त्याचा चार्ज संपलेला असतो.

भरतीच्या तयारीतल्या मुला-मुलींना स्टॉपवॉच हवं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ४०० मीटरच्या मैदानावर ह्या ४ आणि २ फेऱ्या झाल्या. १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत पुरं करायचं असेल तर प्रत्येक फेरी ८० सेकंदांत व्हायला हवी. पहिली फेरी ७० सेकंदांत मारली तर शेवटच्या फेरीत पाय उचलत नाहीत. म्हणून नुसती एकूण वेळ देणारं स्टॉपवॉच अपुरं पडतं. मोजणी चालू असतानाच मधली वेळ थांबवून दाखवणारं, म्हणजे स्प्लिटची सोय असलेलं घड्याळ घ्यावं. बटण मोठं असावं. घामेजल्या बोटानं बारीक बटण दाबलं जात नाही.

जालन्याच्या लोखंड कारखान्यांत पाळी करणाऱ्यांना यंत्रांच्या आवाजात गजर ऐकू येत नाही. त्यांनी कंपन होणारा गजर असलेलं मॉडेल शोधावं आणि प्लॅस्टिकचा पट्टा घ्यावा. धातूचा पट्टा भट्टीजवळ तापतो. स्टार्टर किंवा उघड्या वायरीजवळ काम असेल तर धातूचा पट्टा हातात नकोच. हा नियम शेतातल्या मोटारीच्या पेटीलाही लागू आहे.

साठीच्या पुढच्या माणसांसाठी आकडे मोठे हवेत. एकाच पडद्यावर नकाशा, दोन देशांच्या वेळा आणि वार दाखवणारं घड्याळ दुकानात भारी वाटतं, पण चष्मा घरी राहिला की त्यातलं काहीच वाचता येत नाही. शिवाय या घड्याळांचा बीप बारीक आणि चढ्या सुराचा असतो, वय वाढलं की तो सूर आधी ऐकू येईनासा होतो. वडिलांसाठी घेत असाल तर त्यांना दुकानात सोबत न्या आणि गजर वाजवून दाखवा.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नीट परीक्षेत कोणतंही मनगटी घड्याळ आत नेता येत नाही. यूपीएससीच्या परीक्षेत साधं घड्याळ चालतं, स्मार्टवॉच चालत नाही. बाकीच्या परीक्षांचे नियम वेगवेगळे असतात. परीक्षेसाठी म्हणून घड्याळ घेण्याआधी प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा.

पाण्याचा आकडा : मीटर म्हणजे खोली नव्हे

इथे सर्वांत जास्त फसगत होते. घड्याळावर ३० मीटर लिहिलं म्हणजे ते विहिरीत ३० मीटर खोल चालतं असं नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. पोहताना हात पाण्यावर आपटतो, नळाची धार नेमकी बटणावर पडते, तेव्हा दाब बदलतो. व्यवहारात असं धरा :

- नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’, ३० मीटर किंवा ३ बार : हात धुणं, घाम, पावसाची सर. याच्या पुढे नको.
- ५० मीटर किंवा ५ बार : भर पावसात काम, आंघोळ, थोडं पोहणं.
- १०० मीटर किंवा १० बार : विहिरीत, तलावात पोहणं, रोजचा चिखल आणि धुणं.
- २०० मीटर किंवा २० बार : पाण्यातली जोरकस कामं. रोजच्या वापराला इतक्याची गरज नसते.

बार आणि एटीएम हे आकडे व्यवहारात सारखेच धरले जातात. १० बार म्हणजे साधारण १०० मीटर. पाणीरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं, जास्त कडक मानक आहे. स्मार्टवॉचवर आयपी ६७, आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. ती धूळ आणि पाण्याची वेगळी प्रतवारी आहे. तिचा मीटरच्या आकड्याशी थेट मेळ घालू नका.

१०० मीटरचं घड्याळ असलं तरी पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत. गरम पाणी, वाफ आणि साबण रबराच्या सीलला थंड पाण्यापेक्षा जास्त त्रास देतात. त्यामुळे गरम पाण्याच्या आंघोळीला कोणतंही घड्याळ काढून ठेवलेलं बरं.

सेलचा आकडा : ७ की १०?

साध्या डिजिटल घड्याळात बहुधा सीआर २०१६ किंवा सीआर २०२५ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. क्रमांकातच माप दडलेलं आहे : पहिले दोन आकडे म्हणजे २० मिलिमीटर व्यास, पुढचे दोन म्हणजे जाडी, १.६ किंवा २.५ मिलिमीटर. जाड सेलात साठा जास्त. त्यामुळेच ७ वर्षांच्या घड्याळात बऱ्याचदा २०१६ आणि १० वर्षांच्या घड्याळात २०२५ सापडतो.

पण हा आकडा मोजक्या वापराचा असतो. कंपनी दिवसातून थोडाच वेळ गजर आणि थोडाच वेळ लाइट, असा हिशेब धरते. रात्रभर दर पाच मिनिटांनी लाइट लावून वेळ पाहिली तर १० वर्षं पुरी होत नाहीत. दुसरी बाब अशी की कारखान्यातून घड्याळासोबत आलेला सेल चाचणीसाठी टाकलेला असतो आणि तो लिहिलेल्या मुदतीआधी संपू शकतो, हे कंपन्या स्वतःच पुस्तिकेत लिहितात. म्हणून खोक्यावरच्या स्टिकरवर आयातीचा किंवा पॅकिंगचा महिना आणि वर्ष बघा. तीन-चार वर्षं शोकेसमध्ये पडून राहिलेल्या घड्याळाची तेवढी वर्षं गेलेली असतात. असा माल स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पण नवा सेल टाकून मागा.

कितीला काय मिळतं

- १५० ते ३५० रुपये, हातगाडी, आठवडी बाजार, जत्रा : कंपनी नाही, बिल नाही, वॉरंटी नाही. पाठीवर ‘५० मीटर’ छापलेलं असलं तरी बटणांना सील नसतं. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते.
- ५०० ते १,००० रुपये : सोनाटा, मॅक्सिमा यांची साधी डिजिटल मॉडेल्स आणि ऑनलाइन मिळणारी स्कमेईसारखी चिनी घड्याळं. यात मॉडेलनिहाय फरक फार, म्हणून पाण्याचा आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका.
- १,१०० ते १,६०० रुपये : कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. हे घड्याळ १९८९ पासून बाजारात आहे आणि आजही जवळपास त्याच रूपात मिळतं. वजन फक्त २१ ग्रॅम, सेल ७ वर्षं. उणिवाही माहीत असू द्या : पाण्याला जेमतेम हात धुण्यापुरतं, लाइट मिणमिणता आणि एका कोपऱ्यातला, गजर एकच, टायमर नाही, स्टॉपवॉच एका तासाच्या आतलं. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी निघालात तर वाटेतच त्याची मोजणी पुन्हा शून्यावर येईल. त्याला वर्ष कळत नाही, फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा. २९ फेब्रुवारी २०२८ ला तारीख हातानं दुरुस्त करावी लागेल.
- १,८०० ते २,३०० रुपये : कॅसिओ डब्ल्यू-८००एच. १०० मीटर, १० वर्षांचा सेल, बरा लाइट, ठळक आकडे, वजन चाळीस ग्रॅमच्या आत. उलटी मोजणी नाही. रोजचा प्रवास आणि धावण्यासाठी चांगलं.
- २,२०० ते २,८०० रुपये : कॅसिओ एई-१२००डब्ल्यूएच, प्लॅस्टिक पट्ट्याचं. १०० मीटर, १० वर्षं, ५ गजर, टायमर, स्टॉपवॉच आणि ४८ शहरांची वेळ. मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत असेल तर तिथली वेळ बटणावर. आकडे मात्र लहान. याच किमतीच्या आसपास एई-१५००डब्ल्यूएच मिळतं. त्याचे आकडे चांगले मोठे, पण बारीक मनगटावर ते थाळीसारखं बसतं.
- ५,५०० ते ७,५०० रुपये : जी-शॉक डीडब्ल्यू-५६०० मालिका, २०० मीटर. किकुओ इबे यांनी घडवलेलं पहिलं जी-शॉक १९८३ मध्ये आलं. त्यांनी उद्दिष्ट ठेवलं होतं : १० मीटरवरून पडलं तरी चालावं, १० बार पाणी सोसावं, सेल १० वर्षं टिकावा. दगडखाणीत, सेंट्रिंगच्या कामावर, ट्रॅक्टर दुरुस्तीत घड्याळ रोज आपटत असेल तर हा खर्च वसूल होतो. एरवी नाही.
- १,२०० ते २,५०० रुपये : स्वस्त स्मार्टवॉच. पावलं, फोनची घंटी, मेसेज मिळतात. पण काही दिवसांनी चार्ज करावं लागतं, आतली बॅटरी गावात बदलून मिळत नाही आणि वैशाखातल्या दुपारी पडदा दिसत नाही. साध्या एलसीडीचं उलट असतं : ऊन जितकं कडक तितके आकडे स्पष्ट.

वर्षाला किती पडतं

दुकानात मोजलेली रक्कम घड्याळ किती वर्षं हातावर राहतं त्यानं भागली की खरी किंमत कळते. पट्टा एकदा तरी तुटतोच, तो खर्च धरला आहे.

- जत्रेतलं २०० रुपयांचं, वर्षभर टिकलं असं धरू : वर्षाला २०० रुपये.
- एफ-९१डब्ल्यू, १,३०० अधिक पट्टा १५०, ७ वर्षं : वर्षाला सुमारे २०७ रुपये.
- डब्ल्यू-८००एच, २,००० अधिक पट्टा २५०, १० वर्षं : वर्षाला २२५ रुपये.
- एई-१२००डब्ल्यूएच, २,५०० अधिक पट्टा २५०, १० वर्षं : वर्षाला २७५ रुपये.
- जी-शॉक, ६,५०० अधिक पट्टा आणि सेलबदलाचे मिळून २,१००, १५ वर्षं : वर्षाला सुमारे ५७३ रुपये.
- स्मार्टवॉच, १,८०० रुपये, २ वर्षं : वर्षाला ९०० रुपये.

पहिल्या तीन ओळी पुन्हा वाचा. दोनशेचं आणि दोन हजारांचं घड्याळ वर्षाच्या हिशेबात जवळपास सारखंच पडतं. स्वस्त घड्याळ घेऊन पैसे वाचत नाहीत, फक्त ते हप्त्यानं जातात. त्यातला धोका वेगळा : ते नेमकं पावसाळ्यात किंवा पाणी देण्याच्या रात्री बंद पडतं. दोन हजार एकदम काढणं ज्यांना जमत नाही त्यांनी एफ-९१डब्ल्यूवर थांबावं, दोनशेपर्यंत खाली जाऊ नये. शाळकरी पोराचं घड्याळ सहा महिन्यांत हरवणार हे ठाऊक असेल, तर मात्र त्याला दोनशेचंच द्या.

बदनापूर, जालना की ऑनलाइन?

बदनापुरात सेल, पट्टा आणि साधी घड्याळं मिळून जातात. हवं ते मॉडेल बघून घ्यायचं असेल तर जालना सुमारे २० किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे ४० किलोमीटर. एसटीनं जालन्याला जाऊन-येऊन शंभराच्या आसपास, संभाजीनगरला दीडशेच्या आसपास खर्च धरा. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना फुकट. म्हणजे शंभर रुपयांची सूट मिळवण्यासाठी मुद्दाम संभाजीनगरच्या गुलमंडीची चक्कर मारली तर हातात काही उरत नाही. दवाखाना, बाजार समिती, लग्नाचा बस्ता अशा दुसऱ्या कामाला जोडून जा. जालन्यात सिंधी बाजार, मामा चौकाकडची दुकानं फिरून दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा.

ऑनलाइन भाव बऱ्याचदा कमी दिसतो. तिथे विक्रेत्याचं नाव बघा. मंच मोठा असला तरी विकणारा भलताच असतो. कंपनीचं स्वतःचं किंवा अधिकृत विक्रेत्याचं पान असेल तरच घ्या, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत घड्याळ दोन-तीन दिवस वापरून बघा.

नकली कसं ओळखावं

ज्या घड्याळाचा खप जास्त, त्याची नक्कल जास्त. एफ-९१डब्ल्यूचं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. नाव उमटलं नाही तर घड्याळ नकली समजा. उमटलं तरी निर्धास्त होऊ नका, काही नकला आता हेही करतात. म्हणून आणखी तीन गोष्टी तपासा. पाठीवरची अक्षरं धातूत नीट उमटलेली हवीत, नखानं खरवडली तर निघता कामा नयेत. पाठ चार बारीक स्क्रूंनी बसवलेली हवी. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवा क्रमांक असलेलं स्टिकर हवं. निम्म्या किमतीत ‘ओरिजनल, बॉक्स नाही फक्त’ असं कुणी सांगितलं तर पुढच्या दुकानात जा.

दुकानात पाच मिनिटं

१. घड्याळ उन्हात आणि सावलीत, सरळ आणि तिरपं धरून बघा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे असलेले पडदे देखणे दिसतात, पण संध्याकाळी वाचायला अवघड जातात. रोजच्या वापराला उजळ पडद्यावर काळे आकडे घ्या.
२. दोन्ही हातांच्या ओंजळीत अंधार करून लाइट लावा. सगळे आकडे दिसतात की कोपराच उजळतो?
३. प्रत्येक बटण दहादा दाबा. अडकणारं बटण पुढे पाणी आत घेतं.
४. १२ तासांऐवजी २४ तासांची वेळ लावता येते का बघा. रेल्वेचं वेळापत्रक त्याच पद्धतीचं असतं आणि पहाटेचा गजर चुकून दुपारवर जात नाही.
५. पट्टा सरळ मापाचा आहे की कंपनीच्या खास खाचेचा, हे विचारा. एफ-९१डब्ल्यूला १८ मिलिमीटरचा साधा पट्टा बसतो, तो कुठेही मिळतो. खास खाचेचा पट्टा मागवावा लागतो आणि महाग पडतो.

ऊन, घाम, फवारणी

मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीच्या काचेखाली घड्याळ ठेवू नका. ६० अंशांच्या पुढे तापलं की पडदा काळा पडतो आणि सेलही लवकर जातो. मनगटावर असलेलं घड्याळ तितकं तापत नाही, उन्हात काम करताना ते हातातच बरं.

औषध फवारताना घड्याळ काढून ठेवा. पट्ट्याखाली औषध अडकतं आणि तासन् तास कातडीला लागून राहतं; हा धोका घड्याळाचा नाही, तुमचा आहे. रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि डासांची मलमं प्लॅस्टिकला खातात. आठवड्यातून एकदा घड्याळ साध्या पाण्यानं मऊ कापडानं पुसा, पट्ट्याच्या आतल्या बाजूचा घामाचा थर काढा. एवढ्यानंच पट्टा तडकणं एखाददुसरं वर्ष लांबतं. पट्टा एक भोक सैल बांधा, म्हणजे घाम सुकतो आणि पुरळ येत नाही.

साधी डिजिटल घड्याळं महिन्याला जास्तीत जास्त ३० सेकंद पुढे-मागे जातात. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलशी वेळ जुळवून घ्यावी.

सेल बदलताना

पडदा फिका पडला किंवा लाइट लावताच आकडे गायब होऊ लागले की सेल संपत आला. नावाजलेल्या कंपनीचा सेल साधारण ३० ते ६० रुपयांना, मजुरी धरून १०० ते १५० रुपयांत काम होतं. दहा रुपयांचा सेल टाकू नका. तो गळला तर घड्याळच जातं.

घड्याळवाल्यासमोर उभं राहा आणि दोन गोष्टी बघा. पाठीखालचं रबराचं रिंगण जागेवर बसलं का, आणि स्क्रू चारही पुरते आवळले का. कॅसिओच्या कित्येक घड्याळांत नवा सेल टाकल्यावर ‘एसी’ लिहिलेला बिंदू चिमट्यानं सेलच्या वरच्या बाजूला क्षणभर जोडावा लागतो, नाहीतर पडद्यावर भलतेच आकडे येतात किंवा काहीच येत नाही. ‘मशीन गेलं’ म्हणून नवं घड्याळ घेण्याआधी हे करून बघायला सांगा. १०० मीटरचं घड्याळ एकदा उघडलं की दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पुन्हा १०० मीटरचं राहिलं असं धरू नये. पोहायला वापरत असाल तर सेल अधिकृत सेवा केंद्रातच बदला.

जुना सेल घरात इकडेतिकडे टाकू नका. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

बिल, वॉरंटी, तक्रार

घड्याळाची वॉरंटी साधारण एक ते दोन वर्षांची असते. ती यंत्राला असते. पट्टा, काच आणि सेल त्यातून बहुधा वगळलेले असतात. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख घ्या, बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण छापील बिलाची शाई वर्षभरात उडते.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर आणखी जीएसटी लावणं बेकायदेशीर आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार आवेष्टित वस्तूवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असलंच पाहिजे.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. ऑनलाइन घेतलं असेल तर आधी त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तरी भागलं नाही तर जालन्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा मुंबईचा असो की बंगळुरूचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दोन हजारांच्या घड्याळासाठी आयोगापर्यंत क्वचितच जावं लागतं. हातात पक्कं बिल दिसलं की बहुतेक दुकानदार आधीच बदलून देतात.

शेवटचा सल्ला

शेतकऱ्यानं टायमर आणि पाच गजरांसाठी एई-१२००डब्ल्यूएच घ्यावं. धावणाऱ्यानं डब्ल्यू-८००एच किंवा त्याच तोडीचं १०० मीटरचं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ घ्यावं. पाळीवाल्यानं १०० मीटरचं, पण कंपन होणारा गजर असलेलं घ्यावं. कॉलेजच्या विद्यार्थ्याला एफ-९१डब्ल्यू पुरेसं आहे. वडीलधाऱ्यांसाठी मॉडेल न बघता फक्त आकड्यांचा आकार बघावा. कंपनी कोणतीही असो, १०० मीटर आणि १० वर्षं हे दोन आकडे आणि पक्कं बिल हातात आल्याशिवाय दोन हजार रुपये मोजू नका.